महाशीर खरोखर कमी झाला का?

प्रश्न : आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. आजोबांपासून आमच्या घरात गळ टाकण्याचा नाद आहे. वडील आणि त्यांचे मित्र सुट्टीच्या दिवशी हरसीला जातात, कधी नरवरजवळ सिंध नदीवर बसतात, वर्षाकाठी एखादी फेरी नर्मदेकडेही होते. परत आले की घरात एकच वाद सुरू होतो. नाना म्हणतात, “बाडस संपला. आमच्या लहानपणी मिळायचा तसा मासा आता स्वप्नातसुद्धा दिसत नाही.” बंडूकाका म्हणतात, “मासा आहे तिथेच आहे, तुमचाच हात गेला.” तिसरे मोबाइल काढून कुणीतरी धरलेल्या भल्यामोठ्या माशाचा फोटो पुढे करतात आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मी प्राणिशास्त्र शिकते आहे. यातलं कुणाचं खरं मानू?

उत्तर : नानांचा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्यांचा पुरावा कच्चा आहे. बंडूकाकांनी घेतलेली शंका रास्त आहे, पण तिच्यावरून त्यांनी काढलेलं अनुमान चुकीचं आहे. महाशीर कमी झाला आहे. मात्र ‘पूर्वी मिळायचा, आता मिळत नाही’ एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. त्यासाठी आधी नदीकडे आणि मग गळाकडे पाहावं लागतं.

तुमच्याकडे ज्याला बाडस म्हणतात तो महाशीर. त्याचं शास्त्रीय नाव टॉर टॉर. हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली आणि मध्य प्रदेशाने २०११ साली त्याला राज्याचा मासा ठरवलं. हा मासा एकदा हातात घेऊन नीट पाहिला की त्याची राहणी समजते. खवले मोठे, इतके की अंगाच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवर ते जेमतेम पंचवीसच्या आसपास भरतात. ओठ जाड आणि मांसल, तळाचे दगड चाचपण्यासाठी. जबड्यात दात नाहीत, पण घशात आहेत आणि ते गोगलगायी व शिंपले भरडण्याइतके भक्कम आहेत. हा खडकाळ तळाच्या, वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा आहे. संथ, गाळाच्या पाण्यात तो काही काळ जगेल, पण त्याचा वंश तिथे वाढत नाही.

कारण त्याच्या वंशवाढीची रीतच वेगळी आहे. रोहूची मादी दर किलो वजनामागे लाखांच्या घरात अंडी देते, महाशीरची मादी हजारांच्या घरात. रोहूची अंडी पाण्याबरोबर वाहत जातात आणि एका दिवसाच्या आत फुटतात. महाशीरची अंडी जड असतात. ती तळाच्या गोट्यांमध्ये बसतात आणि फुटायला तीन-चार दिवस घेतात. तेवढ्या वेळात गोट्यांवर गाळ साचला, वरच्या धरणाचे दरवाजे मिटून पाणी एकदम ओसरलं किंवा वाळू उपसणारं यंत्र तिथून फिरलं, तर ती सगळी वीण वाया जाते. शिवाय अंडी घालायला हा मासा प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतो. वाटेत भिंत उभी राहिली की तो प्रवास तिथेच थांबतो.

आता आपल्या नद्यांवर अशा किती भिंती उभ्या राहिल्या ते पाहा. चंबळेवर गांधीसागर आणि कोटा बराज १९६० साली झाले, पाठोपाठ राणाप्रताप सागर आणि जवाहर सागर आले. कोट्याहून निघणारे कालवे नदीचं पाणी राजस्थानात आणि श्योपूर, मुरैना, भिंडच्या शेतांपर्यंत नेतात. शेतीला ते पाणी हवंच होतं, यात वाद नाही. पण उन्हाळ्यात नदीच्या पात्रात जे उरतं ते त्यामुळे कमी झालं. नर्मदेवर बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर, तिच्या तवा या उपनदीवर तवा धरण. जिथे खळाळ होते तिथे आता मैलोन्‌मैल संथ पाणी आहे. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५८ ते १९६६ या काळात होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम परिसरात नर्मदेतल्या मासेमारीचा सविस्तर अभ्यास केला. तेव्हा महाशीर हा तिथल्या बाजारातला प्रमुख मासा होता. आज तो बाजारात आला तर बातमी होते.

यात वाळूचा उपसा, जिलेटिनचे स्फोट, पाण्यात सोडलेली विजेची तार, डोहात ओतलेली ब्लीचिंग पावडर आणि बोटभर पिल्लूही न सोडणारी बारीक जाळी यांची भर घाला. ज्या माशाला वाहतं पाणी, स्वच्छ गोटे आणि मोकळी वाट लागते, त्याच्या तिन्ही गरजांवर एकाच वेळी घाव पडला. घट का व्हावी याची कारणं इतकी ढळढळीत असताना ‘मासा आहे तिथेच आहे’ असं म्हणता येणार नाही.

प्रश्न : पण बंडूकाका म्हणतात की हरसीला आजही पिशवी भरून मासे मिळतात. मग कमी झाले म्हणायचं ते कसं?

उत्तर : त्या पिशवीत कोणते मासे आहेत ते पाहा. बहुतेक रोहू, कटला, मिरगल असतील. जलाशयांत या माशांचं बीज दरवर्षी सोडलं जातं. ते किती सोडलं आणि त्यातलं किती वाढलं, एवढंच ती पिशवी सांगते. नदीतल्या महाशीरबद्दल ती काहीच सांगत नाही. वादात सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. एक जण महाशीरबद्दल बोलत असतो, दुसरा एकूण माशांबद्दल.

दुसरा घोटाळा त्याहून अवघड आहे. गळाला लागणारे मासे आणि पाण्यात असलेले मासे यांचं प्रमाण कायम राहत नाही. उन्हाळ्यात नदी आटली की उरलेसुरले मासे दोन-चार डोहांत गोळा होतात. जाणकार गळवाला नेमका त्याच डोहावर बसतो. नदीत मासे निम्म्यावर आले तरी त्या डोहात ते दाटलेलेच असतात आणि गळ रिकामा येत नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळच्या कॉड माशाचं असंच झालं. मोठ्या ट्रॉलरना अखेरपर्यंत चांगले मासे मिळत राहिले, कारण मासे जिथे एकवटले होते तिथेच ट्रॉलर जात होते. त्यावरून साठा ठीक आहे असा समज झाला. तो साठा अखेर कोसळला आणि १९९२ साली सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली. हजारो घरांचा रोजगार गेला.

उलटही होऊ शकतं. पाणी गढूळ असेल, दिवस चुकीचा असेल, हात थकला असेल, तर भरलेल्या डोहातूनही माणूस रिकामा परततो. ‘तुमचाच हात गेला’ या बंडूकाकांच्या बोलण्यात म्हणूनच तथ्य आहे. एका माणसाच्या हाती आलेल्या माशांवरून नदीचा हिशेब करता येत नाही.

असे वाद इतरत्रही झाले आहेत. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सी ट्राउट नावाचा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि नदीत परततो. १९८९च्या सुमाराला तिथल्या गळवाल्यांनी ओरड सुरू केली की मासा परत येईनासा झाला आहे. हे खरं की खोटं, हा प्रश्न तिथे निकाली निघू शकला, कारण मेयो परगण्यातल्या बरिशूल नदीवर १९७० पासून सापळे बसवलेले होते आणि समुद्राकडे जाणारा व परतणारा प्रत्येक मासा मोजला जात होता. मासा खरोखरच कोसळला होता. त्याचं कारण काय, सॅमन माशांच्या समुद्रातल्या पिंजरा-शेतीतून पसरलेल्या उवा किती जबाबदार, यावर पुढे बरीच वर्षं भांडण चाललं. पण घट झाली की नाही, हा वाद मोजणीने संपला.

आपल्याकडे महाशीरसाठी तशी मोजणी नाही. जगभरातल्या प्रजातींची स्थिती ठरवणाऱ्या आययूसीएन या संस्थेने २०१८ साली टॉर टॉरला ‘अपुरी माहिती’ या गटात ठेवलं. याचा अर्थ मासा सुरक्षित आहे असा मुळीच नाही. तो किती उरला आहे हे ठरवण्यापुरत्याही नोंदी कुणी ठेवल्या नाहीत, असा त्याचा अर्थ आहे. ज्या माशाला आपण राज्याचा मान दिला, त्याची मोजदादही करू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रश्न : मग गळ टाकणाऱ्यांच्या माहितीला काहीच किंमत नाही का?

उत्तर : फार मोठी किंमत आहे, पण ती लिहून ठेवली तर. याचं उत्तम उदाहरण कावेरीवरचं आहे. कर्नाटकात गलीबोरे इथे गळ टाकण्याचा एक प्रसिद्ध तळ होता. पकडलेला महाशीर मोजून, वजन करून परत सोडायचा, असा तिथला नियम होता. १९९८ ते २०१२ या काळातल्या तिथल्या नोंदवह्या एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या. तेवीस हजारांहून अधिक तासांची गळबाजी आणि सहा हजारांहून अधिक महाशीर त्यांत नोंदलेले होते. अर्ध्या किलोपासून पंचेचाळीस किलोंच्या पुढेपर्यंतचे.

वरवर पाहिलं तर बातमी आनंदाची होती. दर तासाला लागणाऱ्या महाशीरांची संख्या वर्षागणिक वाढत होती. कुणीही म्हणालं असतं, मासा वाढतो आहे. पण त्याच वह्यांत माशाचं सरासरी वजन घटत होतं, आणि प्रत्येक माशाचा प्रकार लिहिलेला असल्याने त्याचं कारणही सापडलं. वाढत होता तो निळसर परांचा महाशीर. कावेरीचा स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला महाकाय महाशीर मात्र जवळजवळ नाहीसा होत चालला होता. व्हॅन इंगेन यांनी १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर पकडला होता, तो याच जातीचा. इतका गाजलेला मासा, पण शास्त्राच्या दृष्टीने तो नेमका कोणता, हे २०१८ साली ठरलं. टॉर रेमादेवी. त्याच वर्षी तो ‘अति संकटग्रस्त’ ठरला. नाव मिळेपर्यंत तो जाण्याच्या वाटेला लागला होता.

तुमच्या घरातल्या वादासाठी यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. नुसती संख्या फसवी असते. मासा कोणता आणि केवढा, हे संख्येइतकंच महत्त्वाचं असतं. आणि साध्या गळवाल्यांनी इमानेइतबारे भरलेली वही शास्त्राला जे दाखवू शकली, ते दुसऱ्या कशानेही दिसलं नसतं.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळापासूनचे माशांचे फोटो आहेत. त्यांचा काही उपयोग होईल का?

उत्तर : होईल. आधी त्यांची मर्यादा सांगतो. फोटो भरलेल्या दिवसाचा काढतात, रिकाम्या दिवसाचा नाही. म्हणून ‘तेव्हा रोज असे मासे मिळत’ हे फोटोवरून ठरत नाही. पण ‘तेव्हा अमुक जागी अमुक जातीचा एवढा मासा होता’ हे नक्की ठरतं, आणि तेही मोलाचं आहे.

फ्रेंच मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जी नदी किंवा जो समुद्र पाहते, तीच मूळ स्थिती समजते आणि घट तिथून पुढे मोजते. आजोबांच्या काळात जे गेलं ते वडिलांच्या हिशेबातच येत नाही, वडिलांच्या काळात गेलेलं तुमच्या हिशेबात येत नाही. पुण्याचं पाहा. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली टॉर खुद्री या दख्खनी महाशीरची नोंद केली, ती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या माशांवरून. आज त्या पात्रावरच्या पुलांवरून जाणाऱ्या पुणेकराला खाली महाशीर असायचे असं सांगितलं तर विश्वास बसणार नाही. तुमच्या घरातले फोटो असं विस्मरण थांबवू शकतात.

प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने साल, महिना, नदी आणि घाटाचं किंवा डोहाचं नाव लिहा. नाना आणि वडील आहेत तोवरच हे काम होईल, म्हणून लवकर करा. फोटोत गळाची दांडी, बूट, सायकल असं मापाचं काही असेल तर माशाची लांबी काढता येते. जात ओळखण्याची एक सोपी खूणही आहे. डोक्याची लांबी आणि अंगाची उंची यांची तुलना करा. अंगाची उंची डोक्याच्या लांबीपेक्षा जास्त असेल तर बहुधा टॉर टॉर. डोकंच लांब असेल तर तो हिमालयाकडचा सोनेरी महाशीर, टॉर पुटिटोरा असू शकतो. जुन्या डब्यात एखादा खवला जपून ठेवलेला असेल तर फारच छान. वाढ मंदावते त्या काळात खवल्यावरची वर्तुळं दाट होतात आणि भिंगाखाली ती मोजून वयाचा अंदाज बांधता येतो. तुमच्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकावर हे सहज जमेल.

प्रश्न : कमी झाला असेल तर बीज सोडून भरपाई करता येणार नाही का?

उत्तर : करता येईल, पण डोळे उघडे ठेवून. या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या सुमाराला महाशीरचं बीजकेंद्र सुरू केलं. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिथे दख्खनी महाशीरची कृत्रिम पैदास यशस्वी केली आणि तिथली पिल्लं देशभर गेली. हे काम कळकळीचं होतं आणि त्या प्रजातीला त्याने आधारही दिला.

पण तीच पिल्लं कावेरीतही सोडली गेली. त्या नदीत वाढत गेलेला निळसर परांचा महाशीर तो हाच. जो मासा एका नदीत वाचवायचा असतो, तोच दुसऱ्या नदीत तिथल्या मूळ माशाची जागा घेऊ शकतो, हे त्या काळी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आज ते माहीत आहे. म्हणून नर्मदेत किंवा चंबळेत बीज सोडायचं तर ते त्याच नदीच्या टॉर टॉरचं असावं. ‘महाशीर तो महाशीर’ असं म्हणून कुठूनही पिल्लं आणू नयेत. आणि गोटे, प्रवाह व वर चढायची वाट शिल्लक नसेल तर सोडलेली पिल्लं वाढतील, पण वंश पुढे जाणार नाही. दर वर्षी पुन्हा सोडत राहावं लागेल.

याउलट रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीकडे पाहा. काळ नदीच्या त्या डोहातले महाशीर वरदायिनी देवीचे मानले जातात, त्यांना कुणी हात लावत नाही. तिथे बीजकेंद्र नाही, पहारेकरी नाहीत. डोह राखला म्हणून मासा टिकला. आधी डोह राखावा, बीजाचं पुढे पाहावं, असं माझं मत आहे.

प्रश्न : आमच्या मंडळींनी नेमकं काय करावं?

उत्तर : पहिलं, चंबळ अभयारण्यात गळ टाकू नका. तिथे मासेमारीला बंदी आहे आणि ती योग्य आहे. सुसरी, डॉल्फिन आणि महाशीर यांच्यासाठी तुमच्या भागात उरलेली ती सर्वांत चांगली नदी आहे. दुसरं, मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, ती कसोशीने पाळा. महाशीर टप्प्याटप्प्याने, पावसाळ्यानंतरही काही काळ अंडी घालतो. त्यामुळे पोटात अंडी असलेली मादी बंदीनंतरही मिळू शकते. ती परत सोडा. खरं तर महाशीर असेल तर कोणताही परत सोडा. हात ओले करून धरा, शक्य तो पाण्यातच गळ काढा, फोटोसाठी वर धरून ठेवू नका आणि वैशाखाच्या उन्हात तापलेल्या पाण्यात त्याला फार वेळ दमवू नका. त्या दिवसांत पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, एक वही घाला. प्रत्येक फेरीला तारीख, जागा, किती गळ आणि किती तास, पाणी कसं होतं, मासा कोणता, लांबी, वजन. समजा दोन गळ सहा तास टाकले, तर बारा गळ-तास झाले. त्यात तीन मासे लागले, तर दहा गळ-तासांना अडीच मासे. नानांचा हात मोठा की बंडूकाकांचा, याने फारसं बिघडत नाही. तेच लोक त्याच जागी वर्षानुवर्षं बसत असतील तर आकड्याचा चढउतार नदीबद्दल बोलू लागतो. रिकाम्या हाताने आलात तरी पान भरा. ते पान सोडलं तर सगळी वही खोटी ठरते, कारण उरतात ते फक्त चांगले दिवस.

जिवाजी विद्यापीठ तुमच्या शहरातच आहे. वर्षभराने ती वही घेऊन प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जा. बरोबर नानांना आणि बंडूकाकांनाही न्या. आजोबांची नदी, वडिलांची नदी आणि तुमची नदी तुमच्या एका घरात आहे, अशी घरं फार थोडी असतात. महाशीर कमी झाला, हे आज कारणांवरून सांगता येतं. किती कमी झाला आणि कुठे अजून तग धरून आहे, हे सांगणारी वही तुमच्या हातून लिहिली जावी, ही मनापासून विनंती आहे.